बीदरचा मदरसा : तोफ नव्हे, कोठारातली दारू

बहमनी वजीर महमूद गावानने बीदरमध्ये बांधलेल्या मदरशाबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द इकडेतिकडे होतात, सांगाडा तोच राहतो. थोडक्यात तो असा: बीदरमध्ये भारतातलं पहिलं विद्यापीठ होतं. १४६० साली इराणहून जहाजांनी टाइल आणि कारागीर आणून ही इमारत इराणी नमुन्याबरहुकूम उभी केली. तिला चार मिनार होते, ग्रंथालयात ३,००० ग्रंथ होते. १६५६ मध्ये बादशहा औरंगजेबाने तोफा लावून ती उडवली आणि ग्रंथ जाळले. उरलीसुरली टाइल लोकांनी खरवडून नेली.

दामाजीपंतांच्या कीर्तनात विठू महार ज्या 'बेदर'च्या बादशहाकडे पैसे भरायला जातो, तेच हे बीदर. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते. त्यामुळे मराठी माणसाने हा मजकूर आवडीने पुढे ढकलावा यात नवल नाही. पण त्यातल्या बहुतेक वाक्यांत खरी गोष्ट चुकीच्या जागी चिकटवलेली आहे. सगळ्यात मोठी गफलत दारूच्या दोन स्फोटांची. ते बीदरमध्येच, पण वेगळ्या ठिकाणी आणि ३९ वर्षांच्या अंतराने झाले. मजकुराने त्यांचा एक करून टाकला. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

"१६५६ मध्ये बादशहा औरंगजेबाने तोफा लावून इमारत उडवली."

आधी साल आणि हुद्दा. बीदर तेव्हा विजापूरच्या ताब्यात होतं. १६५६ च्या नोव्हेंबरात विजापूरचा मुहम्मद आदिलशाह वारला. ती संधी साधून औरंगजेब जानेवारी १६५७ मध्ये औरंगाबादेहून निघाला. बादशहा तेव्हा शाहजहान होता. औरंगजेब शाहजादा आणि दख्खनचा सुभेदार, एवढंच. बीदरचा वेढा २ मार्च १६५७ ला पडला आणि २९ मार्चला संपला. म्हणजे १६५६ मध्ये मुघल फौज बीदरसमोर नव्हतीच.

आता तोफा कशावर चालल्या ते. बीदरची रचना डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला पठाराच्या कडेवर किल्ला, त्याला लागून दक्षिणेला तटबंदीचं शहर, शहराच्या मध्यावर चौबाऱ्याचा गोल टेहळणी बुरूज. चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मदरसा आहे, म्हणजे तटाच्या आत, वस्तीत. वेढा घालणारा सेनापती दारूगोळा तटावर आणि बुरुजांवर खर्च करतो, कारण त्याला आत शिरायला वाट हवी असते. मुघलांनी तेच केलं: खंदकापर्यंत मोर्चे नेले, बुरूज खिळखिळे केले. किल्लेदार सिद्दी मरजान शेवटपर्यंत लढत होता. २९ मार्चला हल्ला चढत असताना एक ठिणगी बुरुजामागे साठवलेल्या दारूत पडली, मोठा भडका उडाला, आणि मरजान आपल्या मुलांसह जबर भाजला. त्या गोंधळात मुघल आत घुसले. बीदरचा पहिला स्फोट तो हा. तो तटाच्या बुरुजापाशी झाला. मदरशाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

यानंतरची ३९ वर्षं मजकूर गाळतो. मुघलांनी शहराचं नाव जफराबाद ठेवलं, ठाणं बसवलं. ठाण्याला माणसं, घोडी आणि दारू ठेवायला जागा लागते. मदरसा अशा कामाला सोयीचा दिसतो: जाड भिंती, कुलूप लागतील अशा खोल्या, घोडी बांधायला आणि गाड्या फिरवायला मधला मोठा चौक, किल्लाही जवळ. त्याचा काही भाग शिपायांच्या राहण्यासाठी वापरात आला आणि काही खोल्यांत दारू भरली गेली. हिजरी ११०७ च्या रमजानात त्या दारूने पेट घेतला. वीज पडली म्हणून, असं बीदरच्या स्थानिक इतिहासात नोंदलेलं आहे. प्रवेशद्वार, त्याच्या दक्षिणेचा दर्शनी भाग, आग्नेय कोपऱ्याचा मिनार आणि दक्षिण बाजूचा मोठा हिस्सा कोसळला.

या घटनेचं साल कुठे १६९५ तर कुठे १६९६ छापलेलं दिसतं. त्यावरून "इतिहासकारांतच एकमत नाही" असा निष्कर्ष काढायची घाई नको. हिजरी ११०७ हे वर्ष ऑगस्ट १६९५ मध्ये सुरू झालं. नुसतं वर्ष बदलून घेणारा १६९५ लिहितो. पण रमजान हा हिजरी वर्षाचा नववा महिना, आणि त्या वर्षी तो एप्रिल १६९६ मध्ये आला. एप्रिल म्हणजे बीदर-लातूर पट्ट्यात वळवाचे दिवस. दुपारी उकाडा, संध्याकाळी ढग आणि गडगडाट. शहरातल्या सर्वांत उंच बांधकामांपैकी एक असलेल्या मिनारांच्या पायथ्याशी दारू ठेवली असेल, तर वीज पडल्याची नोंद पटण्याजोगी आहे. त्या एप्रिलमध्ये औरंगजेब कुठे होता? भीमेकाठी ब्रह्मपुरीच्या छावणीत, मंगळवेढ्याच्या बाजूला, मराठ्यांच्या मागे लागलेला.

कागद बाजूला ठेवा आणि पडलेली इमारत बघा, तीही हेच सांगते. सतराव्या शतकातली तोफ लोखंडी किंवा दगडी गोळा फेकते. चुन्यातल्या जाड दगडी भिंतीवर त्याने खड्डा पडतो, आजूबाजूचे दगड निखळतात, आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा मारा केला तर भगदाड पडतं. अशा भिंतीवर विखुरलेले वण राहतात आणि भगदाडाच्या दोन्ही अंगांना भिंत उभी असते. बीदरला चित्र वेगळं आहे. एक अख्खा कोपरा, तिन्ही मजल्यांसकट, साफ गेलेला आहे. त्याच दर्शनी रांगेच्या दुसऱ्या टोकाचा ईशान्य मिनार मात्र उभा आहे, अंगावर टाइलही आहे. तोफांना मदरसाच पाडायचा असता तर हा मिनार पहिलं लक्ष्य ठरला असता.

आतून होणाऱ्या स्फोटाचं गणित सोपं आहे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू बंद खोलीत पेटली की क्षणात प्रचंड वायू तयार होतो आणि तो चहूकडे सारखाच रेटतो. चुन्याचं बांधकाम दाबाखाली मजबूत, पण ताण त्याला सोसत नाही. कमान आणि घुमटाकार छत उभं असतं ते वरच्या वजनाने आणि बाजूच्या रेट्याने. खालून उचल बसली की दगडांची एकमेकांवरची पकड सुटते, बाजूच्या भिंती बाहेर ढकलल्या जातात, आणि खाली येताना छताला टेकायला काही उरत नाही. वर आणखी दोन मजले असतील तर तेही त्याच खड्ड्यात येतात. म्हणून नुकसान एका कोपऱ्यात एकवटलेलं आहे आणि जसजसं लांब जावं तसतसं कमी होत जातं. उत्तर आणि पश्चिम बाजू आजही आपल्या घुमटांसह उभ्या आहेत.

यातून औरंगजेबाची सुटका होते असं कुणी समजू नये. शिकवणीच्या वास्तूत दारू भरायचा निर्णय त्याच्याच राज्यकारभाराचा होता. आरोप करायचाच तर हा करावा, हलगर्जीपणाचा. तो कागदावर आणि दगडावर दोन्हीकडे टिकतो.

"३,००० ग्रंथ होते, ते जाळले."

आकडा हवेतला नाही. तो इतिहासकार फिरिश्त्याच्या ग्रंथातून येतो, आणि गावानच्या मृत्यूनंतर त्याची मालमत्ता तपासली गेली त्या संदर्भात येतो. सुलतान तिसऱ्या मुहम्मदाने बनावट पत्रावर विश्वास ठेवून ५ एप्रिल १४८१ ला कोंडापल्लीच्या छावणीत गावानला मारलं. मग एवढ्या मोठ्या वजिराच्या घरी केवढं घबाड सापडेल म्हणून खजिनदाराला बोलावलं. निघाली किरकोळ रक्कम आणि ग्रंथ. फिरिश्त्याने हे लिहिलं तेव्हा घटनेला सव्वाशे वर्षं होऊन गेली होती, तेव्हा ३,००० हा आकडा 'पुष्कळ' अशा अर्थाने घेणं शहाणपणाचं.

पुढचा हिशेब मजकूर करतच नाही. १४८१ नंतर बहमनी सत्ता फुटली, पाच शाह्या झाल्या. बीदर बरीदशाहीकडे गेलं. १६१९ मध्ये विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहने बरीदशाही बुडवून बीदर आपल्या राज्याला जोडलं. १६५७ मध्ये मुघल आले. गावानच्या मृत्यूपासून मुघलांपर्यंत १७६ वर्षं आणि तीन राजवटी. हस्तलिखितं ही त्या काळातली मौल्यवान, हलकी आणि सहज नेता येणारी चीज. ती भेट जातात, लुटीत जातात, विद्वानाच्या पेटीत जातात, वाळवी खाते. गावानने जमवलेला संग्रह जसाच्या तसा औरंगजेबाची वाट बघत कपाटात थांबला होता, असं मानायला एकही आधार नाही. वेढ्यानंतर मुघलांनी बीदरमध्ये काय मिळवलं याचे आकडे आहेत: रोख १२ लाख रुपये, ८ लाखांची दारू, शिसं, धान्य वगैरे सामग्री, २३० तोफा. ग्रंथांच्या होळीचा त्यात उल्लेख नाही. एवढी दारू हाती आल्यावर ती ठेवायची कुठे, हा प्रश्न मात्र लगेच पडतो.

"इराणी नमुन्याबरहुकूम, टाइल आणि कारागीर जहाजाने."

इथे मजकूर सत्याच्या जवळून जातो, म्हणून जरा सावकाश.

इराणशी नातं उघड आहे. महमूद गावान कास्पियन समुद्राकाठच्या गीलानचा. १४५३ मध्ये तो व्यापारी म्हणून दाभोळ बंदरात उतरला आणि तिथून बीदरला आला. होर्मुझहून चौल-दाभोळला घोडी उतरायची, त्याच वाटेने माणसं, कल्पना आणि चिठ्ठ्या यायच्या. गावानने हेरातच्या जामी या कवीला बीदरला येण्याचं आमंत्रण दिलं होतं. जामीने पत्रं लिहिली, आला मात्र नाही.

आराखडाही ओळखीचा आहे. मधे सुमारे १०० फुटांचा चौक, चारही बाजूंच्या मध्यावर उंच कमानीची मोकळी दालनं, ज्यांना इवान म्हणतात, आणि त्यांच्यामध्ये खोल्यांच्या रांगा. खुरासानात खर्गिर्द इथे १४४० च्या दशकात बांधलेला मदरसा याच घराण्यातला. पण शेजारी ठेवून पाहिलं की 'बरहुकूम' हा शब्द गळून पडतो. खर्गिर्द दोन मजली, बीदर तीन मजली. आणि बीदरच्या उत्तर, पश्चिम, दक्षिण या तिन्ही बाजूंच्या मध्यावरची दालनं भिंतीच्या ओळीतून अर्ध्या अष्टकोनासारखी बाहेर काढलेली आहेत, वर फुगीर घुमट. ही गोष्ट बाहेरून चक्कर मारल्याशिवाय कळत नाही. बहुतेक लोक चौकातून फोटो काढून परततात, आणि इमारतीचा सर्वांत वेगळा भाग त्यांच्या पाठीमागे राहून जातो.

या फुगवट्याचा फायदा साधा आहे. सपाट भिंतीतल्या दालनाला उजेड दोनच बाजूंनी मिळतो, चौकाकडून आणि बाहेरून. बाहेर काढलेल्या दालनाला तीन-चार तोंडांना खिडक्या देता येतात. पोथी वाचायला तिरपा उजेड हवा आणि दख्खनच्या उन्हाळ्यात वारा हवा, दोन्ही मिळतात. खुरासानात हिवाळ्यात बर्फ पडतं. तिथे भिंत बाहेरून बंद ठेवणं परवडतं, किंबहुना गरजेचं असतं. बीदरला ती अडचण नाही.

टाइलचं काय? बीदरमध्ये झिलईच्या टाइल मदरशाआधीपासून लागत होत्या. किल्ल्यातल्या तख्त महालावर आणि शहराबाहेर अष्टूरला अलाउद्दीन अहमदशाहच्या कबरीवर त्या आजही दिसतात. म्हणजे हे काम जाणणारी मंडळी शहरात गावानच्या आधीच येऊन काम करत होती. गावानसाठी जहाज भरून आणायची ती पहिली खेप नव्हती.

शिवाय तुकडेजोड टाइलचं काम कसं होतं हे पाहिलं की 'तयार आणून बसवली' हे वाक्य अडखळतं. प्रत्येक रंगाची लादी वेगळी भाजतात, कारण कोबाल्टचा निळा, तांब्याचा फिरोजी, पिवळा आणि पांढरा यांना लागणारी आच सारखी नसते. एकत्र भाजले तर एखादा रंग नीट उतरत नाही किंवा शेजारच्यात पसरतो. मग नक्षीचा कागद कापून त्याचे तुकडे त्या त्या रंगाच्या लादीवर चिकटवतात आणि टोकदार हातोडीने लादी टिचत टिचत आकार काढतात. कडा मागच्या बाजूने तिरक्या घासतात, म्हणजे समोरून सांधा केसासारखा बारीक राहतो आणि मागे चुन्याला किंवा गचाला (जिप्समच्या लेपाला) शिरायला जागा मिळते. तुकडे पालथे मांडून जुळवतात, पाठीवर गच ओततात, सुकलं की अख्खा तक्ता उचलून भिंतीवर चुन्यात बसवतात.

यातली लादी कुठूनही येऊ शकते. टिचणं, जुळवणं आणि बसवणं मात्र भिंतीच्या मापाने, भिंतीपाशीच करावं लागतं. ईशान्य मिनाराकडे पाहा. गोल अंग, आणि त्यावर नागमोडी पट्टे फिरत गेलेले. अशा पट्ट्याचं टोक फेरी पूर्ण झाल्यावर सुरुवातीला बिनचूक भेटायला हवं. गवंड्याने मिनाराचा घेर चार बोटं जास्त धरला तरी हिशेब चुकतो, आणि असा फरक बांधकामात पडतोच. तो जागेवर, तुकडे लहानमोठे करून भरून काढतात. इराणमध्ये बसून बीदरच्या मिनाराचा घेर कुणी मोजला असेल?

"भारतातलं पहिलं विद्यापीठ."

हे लवकर उरकू. मदरसाच म्हणाल तर दिल्लीत हौज खासच्या काठावर फिरोजशाह तुघलकाचा मदरसा १३५२ चा आहे, बीदरच्या १२० वर्षं आधीचा. उच्च शिक्षणाची जागा म्हणाल तर दख्खनमध्येच त्याहून जुन्या आहेत. विजापूर जिल्ह्यात सालोटगीला राष्ट्रकूट काळातला, इ.स. ९४५ चा शिलालेख आहे. त्यात शाळेच्या विद्यार्थ्यांसाठी २७ निवासांची तरतूद केलेली आहे. आणि आपल्या चाळीसगावजवळ पाटण्याला १२०७ चा लेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाला दिलेल्या दानाचा. नालंदेपर्यंत जायची गरजच पडत नाही.

'विद्यापीठ' हा शब्दही इथे ढिला बसतो. मदरशात परवानगी, म्हणजे इजाजत, द्यायचा तो गुरू, आणि ती एखाद्या ग्रंथापुरती असायची. संस्थेची पदवी हा प्रकार नव्हता. बीदरचं मोठेपण वेगळ्या गोष्टीत आहे. शिकवायची दालनं, शिक्षकांची घरं, विद्यार्थ्यांच्या खोल्या आणि दर्शनी बाजूला मशीद व ग्रंथालय, असा सगळा संसार सुमारे २०५ फूट बाय १८० फूट जोत्यावर, एका आराखड्यात, मुद्दाम त्याच कामासाठी बांधला गेला आणि त्याचा अर्ध्याहून जास्त भाग आजही वाचता येतो.

"१४६० साली. चार मिनार."

मिनार दोनच, पूर्वेच्या दर्शनी बाजूच्या दोन टोकांना. एक उभा, एक पडलेला. वायव्य आणि नैर्ऋत्य कोपरे तुमच्यासमोर आहेत. तिथे मिनाराचा बुंधाही नाही.

सालासाठी तर कुणाला विचारायचीही गरज नाही, बेरीज येत असली म्हणजे झालं. त्या काळी इमारतीचं साल एखाद्या वाक्यात गुंफत. अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते, तिला अबजद म्हणतात. मदरशासाठी निवडलेलं वाक्य कुराणातलं: रब्बना तकब्बल मिन्ना, म्हणजे 'हे प्रभो, आमच्याकडून हे स्वीकार'. काबाच्या भिंती उभारताना इब्राहिमच्या तोंडी आलेली ही प्रार्थना, म्हणजे निवडही चपखल. आता किंमती मांडा. रब्बना: रे २००, बे २, नून ५०, अलिफ १, एकूण २५३. तकब्बल: ते ४००, काफ १००, बे २, लाम ३०, एकूण ५३२. मिन्ना: मीम ४०, नून ५०, अलिफ १, एकूण ९१. तिन्हींची बेरीज ८७६. इथे एक जागा चुकण्याची आहे. उच्चारात 'ब्ब' आणि 'न्न' दुहेरी असले तरी लिहिताना अक्षर एकदाच येतं, म्हणून मोजायचंही एकदाच. दोनदा मोजलं की साल पुढे सरकतं.

हिजरी ८७६ म्हणजे जून १४७१ ते जून १४७२. याच वर्षात, १ फेब्रुवारी १४७२ ला, गावानच्या फौजेने गोवा घेतलं. त्याआधी तो तीनेक वर्षं कोकण आणि सह्याद्रीत होता, खेळणा म्हणजे आजचा विशाळगड आणि संगमेश्वरच्या बाजूला. बीदरमध्ये मिनार चढत होता तेव्हा मालक घाटाखाली लढत होता. १४६० मध्ये तर बहमनी सुलतान हुमायूनची कारकीर्द चालू होती.

"उरलेली टाइल लोकांनी खरवडून नेली."

काही नेली असेल, नाही असं कोण म्हणेल? पण माणसाचा हात जोत्यापासून सात-आठ फुटांपर्यंत पोचतो. तीस-चाळीस फुटांवरची टाइल शिडी लावून खरवडायला कोण गेलं? वरची टाइल पडते ती पाण्याने.

टाइलचं तोंड काचेसारखं, त्यातून पाणी आत जात नाही. पण पाठ सच्छिद्र आणि ती चुन्यात बसलेली. स्फोटाने छप्पर आणि कठडे गेले की भिंतीचा माथा उघडा पडतो. बीदरला वर्षाला साधारण आठ-नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. पाणी माथ्यातून शिरतं, भिंतीतून खाली झिरपतं आणि चुन्यातले, दगडातले क्षार विरघळवून घेऊन येतं. बाहेर पडायला त्याला वाट हवी असते, आणि समोर काचेचा थर. मग क्षार टाइलच्या पाठीमागेच साठतात, उन्हाळ्यात सुकून त्यांचे खडे होतात, खडे फुगतात आणि टाइलला बाहेर ढकलतात. आधी झिलईचे पापुद्रे उडतात, मग तुकडा पोकळ वाजू लागतो, मग एखाद्या पावसात तक्ताच सुटतो. स्फोटाच्या हादऱ्याने चुन्याची पकड आधीच सैल झाली असेल तर हे सगळं लवकर होतं. फटीत पिंपळ रुजला तर आणखी लवकर.

म्हणून अशा भिंतीची दुरुस्ती माथ्यापासून सुरू करतात, टाइलपासून नाही. आधी माथ्यावर चुन्याचा उतारदार थर, पाणी बाहेरच्या अंगाला न जाता पन्हाळीतून निघेल असा. मग पोकळ वाजणाऱ्या तुकड्यांमागे पातळ चुना सोडायचा आणि कडा चुन्यानेच बुजवायच्या. सांध्यात सिमेंट भरलं की मात्र घात होतो. सिमेंट चुन्याहून कडक आणि घट्ट, त्यामुळे पाण्याची उरलेली वाटही बंद होते, आणि सिमेंटमध्ये स्वतःचे क्षार असतात ते वेगळेच. दोन पावसाळ्यांत सांधा जागेवर राहतो आणि शेजारची पाचशे वर्षांची टाइल खाली पडलेली असते.